महाविद्यालयात जाणाऱ्याचे कपडे

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धांदल सुरू झाली म्हणजे खेड्यांतील पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो. तो फीच्या प्रश्नाहून लहान, म्हणून त्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मुलगा किंवा मुलगी नगरास, पुण्यास अथवा कोल्हापुरास जाणार. तेथे अंगावर काय घालणार? फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, वसतिगृहासाठी खटपट करता येते; कपड्यांसाठी मात्र बापाच्या खिशावाचून दुसरा आधार नाही. बाप विचारतो, "शिकावयास जातोस की मिरवावयास?" मुलगा खाली मान घालतो, आणि तेवढ्यावर विषय मिटला असे घरातील मंडळी समजतात. आमच्या मते तो मिटत नाही. त्यात पैसा आहे, लाज आहे, आणि एकाच्या लाजेची किंमत घरातील इतरांनी किती द्यावी, हा न्यायाचा प्रश्नही आहे.

शाळेत असेपर्यंत गणवेशाने हा भेद झाकून ठेवलेला असतो. पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच रंगाच्या सदऱ्यात बाकावर बसतात. पदवीच्या वर्गात बहुधा गणवेश नाही. तेथे पहिल्याच दिवशी कोण कोठून आला हे न विचारता कळते. अशा वेळी मुलास जी लाज वाटते तिला वडील माणसे 'पोकळ डौल' म्हणून मोकळी होतात. वाचकहो, येथे थोडा विवेक केला पाहिजे. चारचौघांच्या नजरेत भरावे ही इच्छा निराळी, आणि चारचौघांच्या नजरेस खुपू नये ही इच्छा निराळी. पहिलीस अंत नाही. दुसरीस आहे, व ती थोडक्यात भागते. ज्याच्यापाशी एकच धड सदरा आहे तो मागच्या बाकावर बसतो, शंका असली तरी उभा राहून विचारीत नाही, आणि सदरा वाळला नाही म्हणून तास बुडवितो. एवढ्यापुरते कपडे हे वही-पुस्तकाप्रमाणे शिक्षणाचेच साधन होत. त्यापुढे मात्र ते तसे राहत नाहीत.

अशा प्रसंगी गांधींचे नाव घेऊन मुलांस गप्प करण्याची चाल आहे. पण त्यांची हकीकत पुरती सांगितली जात नाही. १८८८ साली ते कायदा शिकण्यासाठी लंडनास गेले, तेव्हा त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवविला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, आणि थोरल्या भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागविली. हे सारे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेविले आहे. हा साहेबी छंद सुमारे तीन महिने टिकला. पोशाखातील टापटीप मात्र पुढे कित्येक वर्षे राहिली. पैसा भावाचा आहे ही जाणीव झाल्यावर त्यांनी पैपैचा हिशेब ठेविला, बिऱ्हाड लहान केले व पायी चालू लागले. पंचा नेसण्याचा निश्चय त्यांनी केला तो १९२१ साली, मदुरेस, वयाच्या बावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. तो दाखला अठरा वर्षांच्या गरीब पोरापुढे ठेवणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. ज्याच्या पेटीत दहा सदरे आहेत त्याने एकावर भागविले तर तो त्याग. ज्याच्यापाशी मुळी एकच आहे त्याच्याकडे त्याग करावयास उरले काय? आणि उपदेश करणारे हेच वडील घरच्या लग्नात आहेर-मानपानाच्या साड्यांवर किती उधळतात, ते पाहिले म्हणजे त्यांच्या साधेपणाच्या उपदेशास फारसे वजन राहत नाही.

आता किती कपडे पुरेत? आमचे म्हणणे असे की, ही संख्या मित्रांच्या पेटीवरून ठरवू नये, बादलीवरून व आभाळावरून ठरवावी. वसतिगृहात आठवड्यातून दोन वेळा धुणे होत असेल आणि श्रावणात सदरा वाळावयास दोन दिवस लागत असतील, तर चार सदरे व दोन विजारी यांवर भागते. विजारी गडद निळ्या किंवा करड्या असल्या म्हणजे कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर चालतो, आणि आठ प्रकारचे जोड होतात. निव्वळ सुती कापड उन्हाळ्यात घाम टिपते, पण पावसात लवकर वाळत नाही व इस्त्री मागते. निव्वळ पॉलिएस्टर चटकन वाळते, पण अंगाची काहिली करते. म्हणून चारांपैकी दोन सदरे सुती व दोन मिश्र धाग्यांचे घ्यावेत. पुण्या-नगराकडे पौषातील सकाळ बोचरी असते, तेव्हा एक स्वेटर हवाच. पायांत एक मजबूत जोडा, आणि पावसाळ्यासाठी रबरी चपला. सुती कापड शिवण्यापूर्वी एकदा भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे आटत नाही. शिंप्यास सांगून शिवणीत थोडी माया सोडवून घ्यावी. अठराव्या वर्षी शिवलेली विजार एकविसाव्या वर्षी उसवून सैल करता येते. गुंडी लावणे व उसवलेली शिवण घालणे हे मुलांसही आले पाहिजे. ते केवळ बहिणीचे काम आहे असे समजणाऱ्या मुलाने महाविद्यालयात काय मिळविले, असे आम्ही विचारू.

स्वस्त ते स्वस्तच असते असेही नाही. समजा, तीनशे रुपयांचा सदरा तीस धुण्यांत विटला, आणि पाचशेंचा शंभर धुण्यांपर्यंत टिकला. तर पहिल्याचा खर्च दर धुण्यास दहा रुपये पडला व दुसऱ्याचा पाच. शिवाय फार स्वस्ताई कोणाच्या तरी अंगावरून येते. २०१३ सालच्या एप्रिल महिन्यात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे मेली. भिंतींस तडे गेलेले आदल्याच दिवशी दिसले होते. तरी मजुरांस आत घातले गेले. ही गोष्ट गरीब विद्यार्थ्याच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. पण जो दर महिन्यास नवा सदरा घेऊन जुना फेकतो, त्याने ती विसरू नये.

जाता जाता जीनविषयी एक शब्द. १८७३ साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या विजारींचे पेटंट घेतले, ते मजुरांच्या विजारी फाटू नयेत म्हणून. आज तीच विजार दुकानातून फाडून, अधिक दाम देऊन घेतली जाते. खेड्यातील आजी ती पाहून सुईदोरा शोधू लागली, तर तिला कोणी हसू नये!

मुलींची अडचण याहून बिकट आहे. मुलाचा पोशाख एकदाच पारखला जातो, मुलीचा दोनदा. शहरातील मैत्रिणी म्हणतात, ही गावंढळ. सुट्टीत घरी आली म्हणजे गाव म्हणते, ही बिघडली. मग ती एसटीत बसण्यापूर्वी एक ओढणी काढते आणि उतरण्यापूर्वी पुन्हा घेते. मुलाच्या दोन हजारांच्या बुटांविषयी जे काका ब्र काढीत नाहीत, ते पुतणीच्या कुडत्याच्या बाह्यांची लांबी मोजतात. तिने काय घालावे हे तिने व तिच्या आईने ठरवावे. बाकीच्यांनी तिची हजेरी व गुण विचारावेत.

राहिला पैशाचा प्रश्न. कपड्यांसाठी कर्ज काढू नये, मग ते सावकाराचे असो की मोबाइलवर 'आता घ्या, पैसे नंतर द्या' म्हणणाऱ्या कंपनीचे असो. अशा हप्त्याचे शेवटचे पैसे फिटण्यापूर्वी कित्येकदा सदरा विटलेला असतो. धाकट्या बहिणीची वही अडवूनही ते घेऊ नयेत. पण वाटा पुष्कळ आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्वावलंबी शिक्षणाचा जो मार्ग दाखविला, त्या 'कमवा आणि शिका' योजना आज अनेक महाविद्यालयांत चालू आहेत. तेथील कमाईतून घेतलेल्या सदऱ्याची ऐट काही वेगळीच. थोरल्या भावाची विजार बारीक करून घालण्यात कमीपणा नाही. नाताळास आपण घरोघर नवे कपडे करतोच. ते झगमगीत न घेता जूनमध्ये वर्गात घालता येतील असे घेतले, तर अर्धी सोय तेथेच होते. मंडळीतील सुस्थितीतील कुटुंबांनीही मदत करावी, पण विटके कापड बोहारणीस द्यावे. विद्यार्थ्यास द्यावयाचे ते कोरे कापड व शिलाईचे पैसे, निकालानंतर आठ दिवसांच्या आत, त्याच्या आईच्या हाती. उपासनेनंतर सर्वांसमोर नाव पुकारून नव्हे. तालुक्याच्या शिंप्याकडे जूनमध्ये गर्दी असते, तेव्हा माप आताच देऊन ठेवावे.