शब्दकोश, श्रद्धा आणि साक्षात्काराचा निवाडा

सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली लंडनमध्ये दोन भल्यामोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात 'एन्थुझिॲझम' या शब्दाचा जो पहिला अर्थ दिला आहे, तो आजच्या वाचकाला चकित करणारा आहे. आपल्याला ईश्वराचा खासगी संदेश मिळाला आहे किंवा आपल्यावर त्याची विशेष कृपा आहे, अशी फोल समजूत म्हणजे एन्थुझिॲझम, असा त्याचा आशय आहे. आज जो शब्द निव्वळ उत्साहासाठी वापरला जातो, तो त्या काळी धार्मिक आरोप होता. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये यादवी युद्ध झाले, १६४९ साली राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि थेट ईश्वरी प्रेरणेचा दावा करणारे अनेक पंथ उदयास आले. त्या उलथापालथीच्या स्मृतीमुळे सुशिक्षित इंग्रज समाज या शब्दाला बिचकत असे.

या अर्थाला पुष्टी देण्यासाठी जॉन्सन यांनी जॉन लॉक या तत्त्वज्ञाचे अवतरण निवडले. लॉक यांनी मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १७०० साली, या विषयावर स्वतंत्र प्रकरण घातले होते. एखादी प्रेरणा ईश्वराकडून आली आहे याची खात्री वाटणे हा ती तिथून आल्याचा पुरावा होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद आजही खोडून काढणे कठीण आहे. कारण खात्री ही मनाची अवस्था आहे आणि खरा साक्षात्कार झालेल्याला जितकी खात्री वाटेल, तितकीच ती भ्रमिष्टालाही वाटू शकते.

तथापि, कोशातील व्याख्या लॉक यांच्या युक्तिवादाच्या एक पाऊल पुढे जाते. युक्तिवाद पुरावा मागतो, तर व्याख्येतील 'फोल' हे विशेषण निकालच देऊन टाकते. भारतीय तर्कशास्त्रात वस्तूचा नेमका वेगळेपणा सांगणाऱ्या वचनाला लक्षण म्हणतात, ते ज्याला लागू पडावे त्याला लक्ष्य म्हणतात, आणि लक्षण लक्ष्याबाहेरच्या गोष्टींनाही लागू पडू लागले की अतिव्याप्ती हा दोष मानतात. फोल समजुतीला एन्थुझिॲझम म्हणावे, हे लक्षण म्हणून निर्दोष आहे. पण समोरच्या माणसाची समजूत फोल आहे की नाही हे कशावरून ठरवावे, याविषयी ते काहीच सांगत नाही.

हीच अडचण जॉन वेस्ली यांच्या वाट्याला आली. मेथडिस्ट चळवळीच्या या प्रवर्तकाने १७३९ पासून ब्रिस्टलच्या परिसरात उघड्यावर प्रवचने दिली, आणि त्याच वर्षी बिशप जोसेफ बटलर यांनी विशेष साक्षात्काराचा दावा करणे ही भयंकर गोष्ट आहे, असे त्यांना तोंडावर सुनावले. वेस्ली यांनी पुढे एन्थुझिॲझम या विषयावर प्रवचन लिहिले. त्यात त्यांनी शब्दाचा वाईट अर्थ नाकारला नाही; उलट हा एक प्रकारचा धार्मिक उन्माद आहे, हे मान्य केले आणि मनापासून धर्म आचरणाऱ्या सर्वांवर हा शिक्का मारण्यास हरकत घेतली. म्हणजे वाद लक्षणाचा नव्हता, ते लावताना होणाऱ्या अतिव्याप्तीचा होता, आणि असा वाद कोश उघडून मिटत नाही.

विशेष म्हणजे वेस्ली यांनी स्वतःही १७५३ साली एक छोटा इंग्रजी शब्दकोश काढला होता. बायबलने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे जगणारा तो मेथडिस्ट, असा अर्थ त्यांनी दिला. तर दोनच वर्षांनी जॉन्सन यांच्या कोशात मेथडिस्ट म्हणजे अलीकडे निघालेले नव्या प्रकारचे प्युरिटन, म्हणजे कडवे धर्मशुद्धीवादी, झाले. दोघेही इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे निष्ठावंत सदस्य होते, दोघेही नित्य प्रार्थना करणारे होते. तरी एकाने आतून पाहिले आणि दुसऱ्याने बाहेरून. अवतरणे निवडतानाही कोशकार तटस्थ नव्हता: तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांची तत्त्वे नापसंत म्हणून जॉन्सन यांनी त्यांची अवतरणे कोशात जाणूनबुजून घेतली नाहीत, हेही इथे ध्यानात घ्यावे लागते.

म्हणून अशा कोशाला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. अठराव्या शतकातील शिष्ट इंग्रज कोणत्या श्रद्धेला घाबरत होते, याची तो उत्तम साक्ष देतो. ती श्रद्धा खरी होती की खोटी, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.