वेळात बसणारा खेळ

कामाच्या रगाड्यात करमणुकीला वेळ कोठून आणावा, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना पडतो. थोड्या वेळात मावेल अशी करमणूक निवडावी, असे त्याचे सोयीचे उत्तर आहे. ते पुरेसे आहे काय, याचा विचार मला ‘ब्रेड’ नावाच्या एका व्हिडिओ गेममुळे करावा लागला. नावाचा पावाशी संबंध नाही. येथे ब्रेड म्हणजे वेणी.

जोनाथन ब्लो या अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ २००८ साली आला. त्याचा नायक टिम उड्या मारीत, शिड्या चढत पुढे जातो. परंतु कसोटी असते ती बुद्धीची. पाच दालनांत मिळून चित्रांचे ६० तुकडे विखुरलेले असतात आणि ते मिळवण्यासाठी कोडी सोडवावी लागतात.

व्यग्र माणसाला हा खेळ चांगलाच मानवतो. १९८९ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजकन्येच्या सुटकेला ६० मिनिटांची मुदत असे. येथे तशी घाई नाही. टिम मेला तरी कळ दाबून काळ मागे नेता येतो. कोडे अडले तर ते तसेच ठेवून पुढच्या दालनात जाण्याची मुभा असते. शेवटचा टप्पा तेवढा सर्व चित्रे जुळल्याशिवाय खुला होत नाही. रात्रीच्या जेवणानंतरची १५ मिनिटे मला पुरत असत.

माझा हिशेब मिनिटांपुरता चोख होता. पण पडदा बंद केला म्हणून न सुटलेले कोडे बंद होत नाही. एके ठिकाणी खोल खड्ड्यात हिरव्या तेजाने झळकणारी किल्ली आहे. खाली उतरता येते, वर येता येत नाही. हे कोडे कित्येक दिवस माझ्यासोबत कचेरीत आले, बाजारात आले. भांडी घासताना ते मनात घोळले तर कोणाचे काय बिघडते? काहीच नाही. किंबहुना कोड्यांची उत्तरे अशाच वेळी सुचतात. परंतु समोर माणूस बसलेला असताना आपले लक्ष त्याचे असते, आणि आपण ते परस्पर दुसरीकडे खर्च करतो. विचार न बोलावता येतो, त्यात माझा काय दोष, असे वाचक म्हणतील. आगंतुक आला यात दोष नाहीच, वाचकहो. त्याला पाट मांडून बसवला, हा दोष आहे.

एका रविवारी आई माझ्यापाशी बसून बरेच काही सांगत होती. मी हुंकार देत होतो. “मग काय करू म्हणतोस?” असे तिने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुन्हा सांग, असे मी म्हटले. “काही नाही रे, गुडघा दुखतो, एवढंच,” ती म्हणाली. दहा मिनिटांचे बोलणे एका वाक्यात आटोपले.

हिरव्या वस्तूंवर काळ मागे नेण्याचा परिणाम होत नाही. किल्ली घ्यावी आणि काळ मागे न्यावा. टिम वर येतो व किल्ली त्याच्या हातीच राहते. ही युक्ती मला त्याच दहा मिनिटांत सुचली होती.