शकुंतलेची साक्ष
महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला आणि कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकातील शकुंतला यांची कथा एकच असली, तरी दोघींमुळे उभा राहणारा प्रश्न एक नाही. आदिपर्वातील दुष्यंताला सर्व काही आठवत असते. गांधर्वविवाह, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून केवळ परस्परांच्या इच्छेने झालेला विवाह, आणि तिच्या पुत्राला युवराजपद देण्याचे वचन, ही दोन्ही तो जाणूनबुजून नाकारतो. शकुंतलेजवळ दाखवायला कोणतीही खूण नसते. एकान्तात केलेले पापही हृदयातला अंतर्यामी पाहत असतो आणि सत्याचे पारडे हजार अश्वमेधांहून जड भरते, असे ती भर राजसभेत सुनावते. ज्याला सत्य ठाऊक आहे त्याला पुरावा मागण्याचा अधिकारच उरत नाही, हा तिच्या युक्तिवादाचा गाभा आहे.

कालिदासाने दुर्वास ऋषींचा विस्मरणाचा शाप आणला आणि राजाचा दोष त्याच्या इच्छेतून स्मृतीत नेला. न्यायदर्शनाच्या मते अनुभवाचा ठसा, म्हणजे संस्कार, आत्म्यात सुप्त असतो आणि तो जागवणाऱ्या वस्तूला ‘उद्बोधक’ म्हणतात. नाटकात राजाने शकुंतलेला दिलेली अंगठी हीच ती वस्तू होय. ती शचीतीर्थाच्या पाण्यात पडून गेल्यावर, पाचव्या अंकात, शकुंतला आपली आठवणच साक्षीला आणते: दीर्घापांग नावाचे हरिणाचे पाडस राजाच्या हातून पाणी पीत नव्हते, तिने तेच पाणी पुढे करताच प्यायले, आणि राजा हसला होता. फक्त त्या दोघांनाच ठाऊक असू शकेल अशी ही खूण राजा स्त्रियांचे कपट म्हणून झिडकारतो. रसिकपरंपरेने चौथ्या अंकाला श्रेष्ठ मानले असले, तरी नाटकातील सर्वांत जिव्हारी लागणारा क्षण हाच आहे, कारण येथे जिवंत माणसाची आठवण धातूच्या तुकड्याहून हलकी ठरते.

शापाची योजना करून कालिदासाने राजाला सोडवले, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सातव्या अंकात मारीच ऋषी शापाची हकीकत सांगतात आणि राजाच्या मनावरचे ओझे उतरते हे खरे. पण त्याआधीच, आपण निर्दोष ठरू शकतो याची कल्पनाही नसताना, तो शकुंतलेच्या पाया पडलेला असतो. महाभारतातील राजा समजून-उमजून खोटे बोललेला असूनही, आकाशवाणीने सत्य प्रकट झाल्यावर क्षमा मागत नाही. रागाच्या भरात शकुंतला जे कठोर बोलली, त्याबद्दल तोच तिला क्षमा करतो.