शिक्षेचा वाटा

पूर्वपक्ष म्हणतो, अपराधी बाईला मुलाच्या भेटीचे लाड कशाला? अहो, पण ती भेट मुलाचीही नाही का? वाल्या कोळ्याच्या बायकामुलांनी पापाचा वाटा नाकारला, हे आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो. मग शिक्षेचा वाटा लेकराच्या पदरी कां?

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मूल सहा वर्षांचे होईतो बंदिनी आईपाशी राहू शकते. पुढे ते संस्थेत गेले तर आठवड्यातून निदान एकदा भेट व्हावी, आणि संस्था शक्यतो तुरुंगाच्याच गावची असावी. हे शेवटचे मला फार शहाणपणाचे वाटते. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात ‘गळाभेट’ झाली, तिथे लेकराला मांडीवर घेता आले. पण मालवणच्या आजीने नातवाला घेऊन घाट चढायचा, तर एस.टी.चे भाडे नि बुडालेली मजुरी कोण देणार? देवळाच्या उत्सवफंडातून तेवढे निघणार नाही काय?