समजूत

वेड्याला शिक्षा करू नये, याविषयी जगात फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो वेडा कोणाला म्हणावे याविषयी. आमच्या टेंभुर्णीत (ही जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरकडची नव्हे) हा प्रश्न कोणाला फार अवघड वाटत नाही. जो अंगावर कपडे ठेवत नाही आणि एकटाच बोलतो, तो वेडा. ज्याचे बोलणे-चालणे नीट आहे पण एके दिवशी ज्याने कुऱ्हाड उचलली, तो माजलेला. कायदा याहून पुष्कळ पुढे गेला आहे असे आपण मानतो, आणि तो गेलाही आहे; पण किती, हे पाहण्यासारखे आहे.

१८४३ साली लंडनमध्ये मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या चिटणिसाला गोळी घातली. तो निर्दोष सुटला, त्यावर मोठा गहजब झाला, आणि न्यायाधीशांनी एक कसोटी घालून दिली. तीच १८६० च्या दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आली आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम २२ म्हणून नांदते आहे. कसोटी अशी की, कृत्य करतेवेळी आपण काय करतो आहोत, किंवा आपण करतो ते गैर वा बेकायदा आहे, हे मनोविकारामुळे आरोपीला कळत होते की नाही. सारा भर त्या एका क्षणावर, आणि ‘कळणे’ या एका क्रियापदावर.

या क्रियापदाची खरी परीक्षा रामन राघवच्या खटल्यात झाली. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांतून निजलेली माणसे तो मारीत सुटला होता. आपण काय केले हे त्याला ठाऊक होते. त्याने ते कबूलही केले. पोलीस सर्जनने तो वेडा नाही असे सांगितले. बचावाच्या मनोविकारतज्ज्ञाचे म्हणणे असे की, कृत्य काय हे त्याला कळत होते, परंतु ते गैर आहे हे कळत नव्हते. न्यायालयाने फाशी दिली. त्याने अपील करायलाही नकार दिला. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्याला तपासले. निरोप घेताना त्यांनी हात पुढे केला, तेव्हा आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असे म्हणून त्याने तो घेतला नाही. डॉक्टरांनी जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान केले, फाशीची जन्मठेप झाली, आणि १९९५ साली तो पुण्यात वारला.

आता एक अडचण. आमच्या मराठवाड्यात भानामतीचे खूळ जुने. शेजारच्या म्हातारीने करणी केली म्हणून आपले पोर दगावले, अशा समजुतीने कोणी तिच्या डोक्यात दगड घातला, तर कायदा त्याला खुनी म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. आणि शेजारी आपल्याविरुद्ध कट करतो असे ज्याला आजारामुळे ऐकू येते, त्याने तेच केले तर आपण त्याला सोडावे म्हणतो. का? दोघांचीही समजूत खोटीच. दोघांनाही माणूस मरतो आहे हे कळत होते. पहिल्याच्या पाठीशी गाव आहे, दुसरा एकटा आहे. मग जी खोटी समजूत चारचौघांची, ती शहाणपणाची, आणि एकट्याची ती वेडाची, असे म्हणायचे काय?

मला वाटते, आपल्या भाषेने येथे कायद्यापेक्षा बारीक पाहिले आहे. ‘समजूत’ म्हणजे धारणा, आणि ‘समजूत घालणे’ म्हणजे ती धारणा प्रेमाने, युक्तीने बदलणे. करणीवर विश्वास ठेवणाऱ्याची समजूत घालता येते. दाभोलकरांनी सारा जन्म तेच केले. पहिला दोषी ठरतो तो त्याला कळत होते म्हणून नव्हे. त्याला सांगता आले असते, त्याने ऐकले नाही, म्हणून. रामन राघवची समजूत कोण घालणार होता? जो आपला हातसुद्धा घेत नाही, त्याच्यापर्यंत शब्द कसा पोचावा?

ज्यांचे माणूस गेले त्यांना हा भेद पटवणे कठीण, हे मला मान्य आहे. १९९९ साली महाराष्ट्रात दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांना मारणाऱ्याला फाशी झाली होती. तुरुंगात तो गंभीर मनोरुग्ण झाला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नावही न छापता फाशी रद्द केली, आणि त्याने मरेपर्यंत तुरुंगातच राहावे, त्याच्यावर उपचार व्हावेत, असे ठरवले. शिक्षा कशासाठी आहे हेच ज्याला उमगत नाही, त्याला फासावर देऊन काय साधणार, असा त्यातला विचार. त्या मुलींच्या आईबापांसमोर उभे राहून हे वाक्य म्हणायचे धैर्य माझ्यात नाही. तरी ते चुकीचे आहे असेही मला म्हणता येत नाही.

परंतु समजूत घालणे ही जर खरी कसोटी, तर मग जबाबदारी त्या एका क्षणापुरती राहत नाही. आपल्याच राज्यातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ साली पाटा-वरवंट्यातल्या दगडाने बायकोचा जीव घेतला. त्याचा आजार त्यापूर्वीच डॉक्टरांना माहीत होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी धरलेला हा माणूस २००२ साली सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरला. आठ वर्षे तो क्षण चाळला गेला. आधीची वर्षे कायदा चाळतो ती त्या एका क्षणाचा पुरावा म्हणूनच.

आमच्याकडे तर ती आधीची वर्षे बहुधा बुलढाण्याकडच्या सैलानीला जातात. होळीच्या यात्रेत तेथे नारळांची होळी पेटते, आणि पायात साखळी घातलेली माणसे घेऊन घरचे लोक बसलेले मी पाहिले आहेत. त्यांना हसणारे शहरी लोक मला आवडत नाहीत. राज्याची चार मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. जालन्यासाठी एकाला अलीकडे मंजुरी मिळाली आहे.

वेडामुळे निर्दोष सुटलेल्याला एक तर बंदोबस्तात ठेवावे, नाही तर नातेवाईक जामीन राहतील तर त्यांच्या हवाली करावे, असा कायदा आहे. असा कोणी आपल्या गावचा असला तर जामीन राहाल का, असे मी टेंभुर्णीत दोघातिघांना विचारून पाहिले. बाकीचे गप्प बसले. एक म्हातारा म्हणाला, ‘‘जमानत राहू की. पण त्याच्या गोळ्या कुठं भेटतेत, अन् दर महिन्याला त्याला घेऊन कोण जाणार, ते अगोदर सांगा.’’