नेपल्सचा शोक

दिवंगताचे दोष बोलूं नयेत, हा संकेत आम्हांस नेहमींच थोडा संशयास्पद वाटत आला आहे. 25 नोव्हेंबर 2020 रोजीं आर्जेंटिनाचा फुटबॉलपटु दिएगो मॅराडोना निवर्तला, तेव्हां इटलींतील नेपल्स शहरीं साथीचे निर्बंध असतांही लोक मेणबत्त्या घेऊन क्रीडांगणाबाहेर जमले. आणि पुढच्याच महिन्यांत त्या क्रीडांगणाचें संत पॉलचें नांव जाऊन मॅराडोनाचें आलें. संताच्या जागीं आलेला हा पुरुष कोण? कोकेनपायीं 1991 सालीं खेळास मुकलेला, आणि त्याच शहरांत 1986 सालीं जन्मलेल्या आपल्या मुलास कित्येक वर्षें न स्वीकारणारा. नेपल्सकरांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. सारें त्यांच्या डोळ्यांदेखत घडलें. पण श्रीमंत उत्तर इटलीनें सदैव हिणवलेल्या त्या शहरास 1987 सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद प्रथमच लाभलें, तें त्याच्यामुळें. हें ऋण खरें आहे, आणि धनकोचें चारित्र्य तपासून कोणी कर्ज फेडीत नाहीं. मात्र तें ऋण नगराचें. त्या मुलाचें नव्हे. त्यानें पुढें बापाशीं समेट केला खरा, पण ती क्षमा त्याच्या एकट्याच्या हातची होती. आम्ही त्या रात्रीं तेथें असतों, तर बहुधा मेणबत्ती आम्हींही लावली असती.