अभ्यंगानंतरचा देह

अंगाला तेल लावून झाले आहे, मर्दन संपले आहे आणि अंघोळ अजून व्हायची आहे. एवढ्या अवधीत देह कोणत्या अवस्थेत असतो, हा प्रश्न भारतीय परंपरेत वैद्यकाचा आहे तसा धर्माचाही आहे. मर्दनाने अंग सैलावते, श्वास लांब होतो, डोळे मिटू लागतात. माणूस काही काळ पुरता आपल्या ताब्यात नसतो. या सैलावलेल्या देहाला झोपू द्यायचे, कामाला जुंपायचे की देवापुढे न्यायचे? देहाला इतके सुख देणे साधनेला पोषक की मारक? अभ्यंग करावा की नाही यावर ग्रंथांत फारसा वाद नाही. धर्माच्या दृष्टीने खरी परीक्षा अभ्यंगानंतरच्या तासाभरात होते.

कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर हा प्रश्न दरवर्षी माघ महिन्यात पायांच्या भाषेत उभा राहतो. पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीच्या या देवाला माघातल्या रविवारी खेटे घालण्याची रीत आहे. कोल्हापुराहून निघालेले भाविक कुशिऱ्याच्या बाजूने डोंगर चढतात, बरेच जण अनवाणी. आख्यायिका अशी की दैत्यांचा संहार झाल्यावर जोतिबा, म्हणजेच केदारनाथ, हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा त्यांनी इथेच राहावे म्हणून करवीरची अंबाबाई अनवाणी चालत डोंगरावर आली. तिच्या त्या चालण्याची आठवण म्हणजे खेटे. तेव्हा पायाला येणारे फोड आणि पोटऱ्यांत भरणारे गोळे हा या उपासनेचा भाग ठरतो. मग घरी परतल्यावर त्याच पायांना कोमट तेल लावून ते चोळून घेतले, तर केलेले तप उणे होते का?

खेटे रविवारचे असल्याने यात आणखी एक पेच आहे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत तेल लावण्याचे वार आणि तिथी ठरवून दिल्या आहेत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, एकादशी, व्रताचे दिवस वर्ज्य. वारांपैकी रविवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार वर्ज्य. म्हणजे जोतिबाचा जो वार, तोच तेलाच्या निषेधाचाही. परंतु त्याच ग्रंथांनी लगोलग तोड सांगितली आहे. रविवारी तेलात फूल टाकावे, मंगळवारी माती, गुरुवारी दूर्वा, शुक्रवारी गोमय, म्हणजे दोष राहत नाही. सुवासिक आणि औषधी तेलांनाही सवलत आहे. एका फुलाने मिटणारा हा निषेध देहसुखाविरुद्ध आहे असे म्हणवत नाही. शास्त्राला एवढेच हवे आहे की तेलाच्या वाटीत हात घालण्यापूर्वी माणसाने क्षणभर थांबावे आणि आज कोणता दिवस आहे ते आठवावे. सवयीने होणारी गोष्ट त्या फुलामुळे जाणीवपूर्वक होते.

मर्दनानंतरच्या अवस्थेबद्दल मात्र धर्मशास्त्राची भाषा कठोर आहे. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिसंग्रहात तेल लावलेला, चितेचा धूर लागलेला, संभोग केलेला आणि हजामत केलेला माणूस स्नान करेपर्यंत अस्पृश्य ठरवला आहे, आणि तेही एका जातीचे नाव घेऊन. ती उपमा माणसाचा अपमान करणारी आहे. ती टाकूनच द्यायला हवी. पण ती बाजूला काढल्यावर उरणारी चार प्रसंगांची जोडणी विचार करण्यासारखी आहे. स्मशान, शय्या, न्हाव्याचा पाट आणि तेलाचा पाट या चारही ठिकाणी देहाची रोजची सीमा सैल होते. दुसऱ्याचा स्पर्श किंवा मृत्यूचा स्पर्श आत येतो, नाहीतर देहाचाच एखादा अंश बाहेर जातो. अशा वेळी माणसाला पूजा नाही, पंगत नाही, लोकांत मिसळणे नाही. सोयर आणि सुतक यांची घडणही अशीच आहे. तिथे अशुद्धी म्हणजे पाप नसते. कर्तव्यांतून मिळालेली मोकळीक असते. तेल लावलेल्या माणसाला देवघरात जाता येत नाही याचा अर्थ असाही होतो की त्या वेळी देवही त्याच्याकडे काही मागत नाही.

हा मोकळा वेळ कसा घालवावा, हे आयुर्वेद सांगतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करायला सांगितला आहे, त्यातही डोके, कान आणि तळपाय यांना विशेषत्वाने. कफाने ग्रासलेल्याने, नुकतेच शोधन झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने तो टाळावा. चरकाने तेल मुरलेल्या घड्याची, चामड्याची आणि वंगण दिलेल्या आसाची उपमा दिली आहे: तेलाने ही जशी टिकाऊ होतात तसे शरीर कष्ट सोसणारे होते. तिन्ही वस्तू राबणाऱ्या आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे. सुश्रुतसंहितेवरच्या टीकेत डल्हणाने तेल केसांच्या मुळांपासून मज्जेपर्यंत पोचायला 300 ते 900 मात्रांचा काळ लागतो असे म्हटले आहे. एक मात्रा म्हणजे एक ऱ्हस्व अक्षर उच्चारण्याइतका वेळ. म्हणजे सारा हिशेब काही मिनिटांचाच. हा हिशेब आजच्या शरीरशास्त्राला धरून नाही, पण त्यातली शिस्त खरी आहे: हात थांबले की लगेच उठू नये.

पुढचा क्रम घराघरांत ठाऊक आहे. आधी कुशीवर वळावे, मग बसावे आणि थोड्या वेळाने उभे राहावे. मर्दनाने शरीर निवांत झाल्यावर रक्तदाब किंचित उतरतो, आणि झटकन उठणाऱ्याला घेरी येते. तळपायांचे तेल पुसून घ्यावे. न्हाणीतल्या फरशीवर घसरून पडण्याचा धोका इतर कोणत्याही दोषापेक्षा मोठा आहे. वाऱ्याला किंवा पंख्याखाली बसू नये. मग उटणे लावावे. डाळीच्या पिठात मिसळलेला नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद तेल टिपून घेते आणि कातडीला रखरख येऊ देत नाही. अंघोळीला पाणी ऊन असावे, परंतु कढत पाणी डोक्यावर घेऊ नये, ते केसांना आणि डोळ्यांना बाधते, असे वाग्भट बजावतो. जेवणानंतर लगेच स्नान त्याला मान्य नाही. अंघोळीनंतर हलके, ताजे अन्न, पुरेसे पाणी आणि त्या दिवशी जड ओझे न उचलणे, एवढे पुरते. जोराच्या मर्दनानंतर एकदोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. ठणका वाढत गेला, सूज आली किंवा मुंग्या येऊ लागल्या तर वैद्याला दाखवावे. मालिशीने शरीरातले विष सुटते आणि पाणी पिऊन ते धुऊन काढावे लागते, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. त्याला भक्कम आधार नाही. पाणी तहानेसाठी प्यावे.

मर्दनानंतरच्या काळजीचे सर्वांत विस्तृत शास्त्र मराठी घरात बाळंतिणीच्या खोलीत सांभाळले गेले, आणि ते कोणत्याही संहितेपेक्षा बायकांच्या हातांनी टिकवले. मालिशवाली बाई अंग रगडून गेली की कडकडीत पाण्याची अंघोळ, पोट बांधणे, कान झाकून डोक्याला फडके, मग शेक आणि झोप. या काळात पहिले दहा दिवस सोयर असते, पाचवीला सटवाईची पूजा होते. धर्माने जिला दहा दिवस शिवायचे नाही तिलाच घर सर्वांत जास्त जपते, आणि या दोन गोष्टींत घरातल्या कोणालाही विरोध वाटत नाही. यातला शेगडीचा आणि धुरीचा धूर मात्र आता सोडायला हवा. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना तो सोसत नाही. परंपरेचा गाभा उबेचा आणि विश्रांतीचा आहे, धुराचा नाही.

कोल्हापूरच्या तालमींत हाच विचार पुरुषी वेशात दिसतो. शाहू महाराजांच्या आश्रयाने इथली कुस्ती वाढली, 1912 मध्ये खासबाग मैदान तयार झाले. तालमीत मल्ल एकमेकांचे अंग रगडतात. आज ज्याच्याशी झोंबायचे त्याच्याच हाती पाठ द्यायची. हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद घालून मळलेली असते. मेहनत संपली की ती अंगाला चोळायची, घाम जिरू द्यायचा आणि मगच अंघोळीला जायचे. समोर मारुतीची मूर्ती असते. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या मल्लाला इतके रगडणे-चोळणे चालते, कारण त्यानंतरचा त्याचा वेळ खुराक, झोप आणि पहाटेची मेहनत यांना बांधलेला असतो.

दिवाळीतल्या नरक चतुर्दशीचा क्रमही असाच बांधीव आहे. इतर वेळी चतुर्दशीला तेल वर्ज्य, पण या पहाटे ते सक्तीचे. उटणे, ऊन पाणी, पायाच्या अंगठ्याखाली फोडलेले कारीट, औक्षण, यमतर्पण आणि मग सगळ्यांनी मिळून फराळ. सैलावलेला देह न्हाणीतून थेट दिव्यासमोर, तिथून मृत्यूच्या देवतेच्या स्मरणाकडे आणि शेवटी माणसांच्या पंगतीत आणला जातो. त्याला एकटे सोडलेले नाही.

तात्त्विक बाजूने याचे सर्वांत नेमके विवेचन एकनाथांनी केले आहे. 1573 मध्ये काशीत पूर्ण झालेल्या त्यांच्या भागवतावरील टीकेत नरदेहाचा विचार येतो. देह वाईट म्हणून टाकला तर मोक्षाचे साधनच हातून जाते. चांगला म्हणून भोगत बसलो तर अधोगती ठरलेली. म्हणून टाकू नये, भोगूही नये, आत्मसाधनासाठी राखावा, असा त्यांचा निवाडा आहे. यातला राखण्याचा विचार मोलाचा आहे. राखण ज्या वस्तूची करायची ती आपल्या मालकीची असेलच असे नाही. राखणदाराला ती वापरून संपवता येत नाही आणि उघड्यावर टाकताही येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातही घोर तप करून शरीर सुकवणारे लोक अंतर्यामी असलेल्या ईश्वरालाच कष्टवतात, असे म्हटले आहे. खेट्यांहून परतलेल्याच्या पोटऱ्यांना लावलेले तेल या कसोटीवर तप पुसून टाकत नाही. पुढच्या रविवारी चालायचे पाय ते राखते.

दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे, आणि ती कोल्हापूर जिल्ह्यातच, कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर भेटते. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे. देहाचे लाड तिथे मुळातच नाकारले आहेत. तरीही जैन विचाराने थकल्या देहाला वाऱ्यावर सोडलेले नाही. आजारी आणि श्रांत साधूची सेवा, पाय चेपून देण्यापर्यंत, हिला वैयावृत्त्य म्हणतात आणि तिची गणना सहा अंतरंग तपांत होते. सुखाची इच्छा धरणे घेणाऱ्याला वर्ज्य, सुख देणे देणाऱ्याला तप. यातून एक गोष्ट उघड होते: चोळणाऱ्या हातांचा विचार केल्याशिवाय मर्दनानंतरचा धर्म पुरा होत नाही. मालिशवाल्या बाईला पाटावरून उठवून गरम पाणी, चहा आणि ठरलेले पैसे वेळेवर देणे हेही त्या तासातलेच कर्तव्य आहे. जुन्या ग्रंथांनी याकडे फार कमी लक्ष दिले.

देहाच्या या राखणीला भक्तीत पूर्ण जागा मिळाली ती पंढरपुरात. आषाढी आणि कार्तिकी वारीत विठ्ठलाचा पलंग काढला जातो. शेजारती बंद होते, देव रात्रंदिवस दर्शनासाठी उभा असतो, आणि उभे राहून शिणू नये म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा लोड ठेवतात. वारी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. लोड काढतात, देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, पोशाख चढवतात. रात्री श्रमपरिहारासाठी औषधी वनस्पतींच्या काढ्याचा नैवेद्य दाखवतात. मग पलंग पुन्हा आत येतो, शेजारती होते आणि देव झोपतो.